डावा पाय आधी

आमच्या घरात आत्ताआत्तापर्यंत असं मानलं जात होतं की माझी बायको लेण्यांच्या पायऱ्यांवर पडली ती नव्या चपलेमुळे. चप्पल घसरली, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. नातवंडांनाही हेच सांगितलेलं होतं. शाळेची सहल निघाली की सून त्यांना दारातच बजावायची, "आजीसारखी नवी चप्पल घालून डोंगर चढू नका."

ही हकिकत मी सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला मुलगा चार शब्द बोलायला उभा राहिला. आईने अंगणवाडीतल्या मुलांना कसं जपलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसा जीव लावला, हे सगळं तो छान बोलला. मग म्हणाला, "फक्त स्वतःच्या पायांकडे तिने कधी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर शेवटची सहा वर्षं तिला वॉकर धरून काढावी लागली नसती." समाजमंदिरातल्या माणसांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मीही मान हलवली असावी.

स्वतःच्या पायांकडे तिच्याइतकं लक्ष देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी तेहतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. कवायत, लेझीम, खो-खो, सव्वीस जानेवारीचं संचलन. गळ्यात शिट्टी आणि तोंडात हुकूम. कॉलनीत मला सगळे सर म्हणतात. बायकोही सरच म्हणायची; चारचौघांत आदराने, घरात चेष्टेने. ती अंगणवाडी सेविका होती. सत्तावीस वर्षं तिने चटईवर मांडी घालून काढली. एक पोर मांडीवर, वही गुडघ्यावर. मग उठायचं, पोराला उचलून वजनकाट्याच्या झोळीत ठेवायचं, परत खाली बसायचं. दिवसातून अशी उठबस किती वेळा होत असेल, हे कधी तिने मोजलं नाही आणि मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग जमिनीवरून उठताना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. झीज आहे, म्हणाले, पण ऑपरेशनची घाई नको. वजन थोडं कमी करा आणि व्यायाम शिकून घ्या. त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती तिशीतली मुलगी होती. तिचा दवाखाना एका मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला. बायको कठडा धरत धरत वर पोचली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडे यायचं तर आधी बरं व्हायला लागतं."

ती मुलगी हसली. म्हणाली, "मग जिन्यापासूनच सुरू करू, काकू. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. दुखरा खाली ठेवायचा, तोवर चांगल्याने अंग तोलून धरायचं. दोन्ही पाय एका पायरीवर आले की मग पुढची. घाई कुणाचीच ऐकायची नाही."

त्यानंतर तिने व्यायाम दाखवला. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे होईपर्यंत दाबून धरायची आणि सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, पण रोज, काका."

"आमच्या मैदानावर याला व्यायाम नाही म्हणत. विश्रांती म्हणतात."

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "सर, एकदा तुम्ही दाबून बघा टॉवेल. मग बोला." मी दाबून बघितला नाही. दुखल्याशिवाय व्यायाम लागू पडत नाही, हे मी हजारो मुलांना शिकवलं होतं. या वयात आता टॉवेलकडून काय शिकायचं?

तिने मात्र मनावर घेतलं. अंगणवाडीत मुलांना अंक शिकवायला तिच्याकडे चिंचोके असायचे. तेच तिने बाहेर काढले. पलंगावर दोन वाट्या ठेवायच्या, एकदा दाबलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. टप, टप, असा आवाज दिवसातून तीन वेळा आतल्या खोलीतून यायचा. ताईंनी तिला एक नियम सांगितला होता: व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते बघायचं. जास्त दुखला तर आदल्या दिवशी जास्त झालं, म्हणून कमी करायचं. बंद करायचं नाही. सकाळी चहाच्या वेळी ती मला गुडघ्याची खबर द्यायची, जशी पूर्वी अंगणवाडीतल्या एखाद्या पोराची द्यायची.

"आज गप्प आहे."

किंवा, "आज कुरकुरतोय. काल मी चार जास्त केले, त्याचा राग आलाय त्याला."

"गुडघ्याला राग येतो?"

"पोरासारखंच असतं, सर. ओरडून चालत नाही, लाडावून चालत नाही. रोज त्याच वेळेला बोलवायचं आणि तेवढंच काम द्यायचं."

तीन-चार महिन्यांत ती खुर्चीतून हात न टेकता उठायला लागली. ताईंनी मग पाय सरळ उचलायचा व्यायाम दिला, खुर्चीतून उठबस दिली, आमच्या इमारतीच्या जिन्याची पहिली पायरी चढ-उतर करायला दिली. अर्धा तास बसून झालं की उठून घरात दोन फेऱ्या मारायच्या, हेही तिने लावून घेतलं. टीव्हीवर मालिका ऐन रंगात आली तरी ती उठायची. दुपारी चारला शेजारच्या तिघीजणी आपापले टॉवेल घेऊन यायला लागल्या. मी त्यांना टॉवेल मंडळ म्हणायचो.

एकदा माझा एक जुना विद्यार्थी भेटला, रिक्षा चालवतो. कमरेला पट्टा बांधलेला. बायकोसमोरच म्हणाला, "सर, तुमच्या बेडूकउड्या अजून कमरेत आहेत बघा." मी हसण्यावारी नेलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "तुमच्या मैदानावरची किती पोरं आज न कण्हता खाली बसतात, ते एकदा विचारून या. मग माझ्या मंडळाला नावं ठेवा."

तिला हे सगळं कशासाठी हवं होतं, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. लग्न झालं त्या वर्षीपासून दर वैशाखी पौर्णिमेला आम्ही सकाळी लेण्यांवर जायचो. वर गेल्यावर ती दगडी जमिनीवर मांडी घालून बसायची, वंदना व्हायची, मग बराच वेळ ती उठायचीच नाही. त्या दगडाचा गारवा अंगणवाडीच्या फरशीला नाही, असं म्हणायची. गुडघा धरल्यापासून दोन पौर्णिमा ती खाली पायथ्यालाच बसून राहिली होती, आमच्या पिशव्या सांभाळत. तिला परत तिथे वर जाऊन मांडी घालून बसायचं होतं. बाकी काही नाही.

ताईंना तिने हे सांगितलं होतं. त्यांनी आखून दिलं होतं: या पौर्णिमेला अर्ध्यापर्यंत. वाटेत दगडी कठडा आहे, तिथे बसायचं, पाणी प्यायचं, उतरायचं. दिवाळीनंतर पूर्ण वरपर्यंत. मांडी घालणं त्याच्याही पुढे. चप्पलसुद्धा त्यांनीच सांगितली होती. रुंद तळव्याची, खाली खाचा असलेली, मागे पट्टा असलेली. सुनेला बरोबर नेऊन तिने चार दुकानं पालथी घातली आणि तशी चप्पल आणली. आठ दिवस घरात घालून फिरली, पायाला सवय व्हावी म्हणून.

ती चप्पल घसरणं शक्यच नव्हतं.

माझा सकाळी चालायला जाणाऱ्यांचा एक गट होता. चौघे निवृत्त. त्यातला एकजण मला म्हणाला, "सर, वहिनी अजून खालीच बसणार? पीटीचे मास्तर ना तुम्ही?" सगळे हसले. मी म्हणालो, "यंदा वरच नेतो. बघाच तुम्ही."

हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेच्या दिवशी आम्ही साडेसहाला पायऱ्यांना लागलो. तिने पांढरी साडी नेसली होती. चांगला पाय आधी, मग दुखरा त्याच पायरीवर, असं करत ती शांतपणे चढत होती. कठड्याशी आलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा खुशीत होता. ती बसली. पाण्याची बाटली उघडली. तेवढ्यात मागून माझे मित्र आले. "चला सर, वर भेटू," म्हणत पुढे गेले.

"ऊठ," मी म्हणालो. "आता बसलीस तर गुडघा आखडेल."

"ताईंनी इथपर्यंतच सांगितलंय."

"ताईचं वय काय, माझा अनुभव काय? निम्मं झालंय. उरलेलं निम्मंच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "शिट्टी घरी राहिली वाटतं, सर," म्हणाली, आणि बाटली बंद करून उठली.

ती का उठली, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तिलाही वर जायचं होतंच, असं मी मनाला कितीतरी वर्षं सांगत आलो. आता ते सांगवत नाही. तिला खरोखर वर जायचं होतं म्हणूनच ती कठड्याशी थांबत होती.

ती वर पोचली. वंदनेला खाली बसली, पाय एका बाजूला घेऊन. वंदना संपल्यावर मी तिला हात दिला तेव्हा तिला उठायला वेळ लागला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो, तिच्याकडे नाही.

उतरताना ऊन चढलं होतं आणि गर्दी वाढली होती. ती पायऱ्यांच्या कडेचा कठडा धरून, आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर, अशी एकेक पायरी उतरत होती. मागे माणसं खोळंबली. खाली वळणावर माझे मित्र थांबून वर बघत होते. मला लाज वाटली. हे लिहितानाही वाटते, पण तेव्हा भलत्याच गोष्टीची वाटली.

"अशी उतरलीस तर दुपार होईल," मी म्हणालो. तिचा हात कठड्यावरून काढून माझ्या हातात घेतला. "माझ्याबरोबर चल. डावा, उजवा. डावा, उजवा."

कवायतीत पहिलं पाऊल डावं. हे माझ्या हाडात इतकं भिनलेलं आहे की दुसरा हुकूम माझ्या तोंडून निघणारच नव्हता. आणि तिने माझी इतकी संचलनं बघितली होती की तिचे पायही त्या ठेक्याला लागले. डावा पाय खाली जाताना सगळा भार वाकलेल्या उजव्या गुडघ्यावर येत होता. नेमका तो भार त्याच्यावर येऊ नये म्हणून ती कितीतरी महिने शिकत होती. दहा-बारा पायऱ्या ती माझ्याबरोबर उतरली. मग उजवा गुडघा मुडपला आणि ती डाव्या अंगावर आपटली. माणसांनी उचललं तेव्हा दोन्ही चपला तिच्या पायांत होत्या, पट्टे लावलेल्या.

दवाखान्यात मुलगा धावत आला. "बाबा, झालं काय?"

"चप्पल घसरली," मी म्हणालो. "नवी होती."

बायको स्ट्रेचरवर होती. शुद्धीवर होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुलगा तिच्यावर वाकून म्हणाला, "आई, नवी चप्पल घालून डोंगर कोण चढतं गं?"

"चुकलं रे बाबा," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. पंधरा-वीस दिवसांनी ताई घरी आल्या. पडल्या कशा, हे त्यांनी विचारलं आणि मी तेच सांगितलं. दारातली चप्पल त्यांनी उचलली, उलटी केली, तळव्याच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिली. सुनेने ती चप्पल पुढच्या आठवड्यात भंगारात दिली. "बघवत नाही," म्हणाली. आईंना मात्र बोलत राहिली, मायेनेच, पण सहा वर्षं. "आई, आता तरी ऐका. मागे ऐकलं नाहीत, बघा काय झालं."

तिने परत पहिल्यापासून सुरुवात केली. पायाचे पंजे वर-खाली, मग टॉवेल. आता मी तिच्या शेजारी बसायचो आणि चिंचोके मी टाकायचो. मला आकडे मोजायची घाई व्हायची. "सर, हळू," ती म्हणायची. "मागची मुलं राहिली." मी हळू मोजायला शिकलो. साठी उलटल्यावर, एका पलंगाच्या कडेला बसून, मी माझा विषय पहिल्यांदा शिकलो. किती करायचं यापेक्षा कधी थांबायचं हे शिकायला वेळ लागतो. दुखण्याशी भांडायचं नसतं, त्याला रोज थोडं थोडं समजावायचं असतं. वॉकर धरून ती आधी दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जायला लागली. जमिनीवर मात्र परत कधी बसली नाही. लेण्यांचं नावही काढलं नाही.

त्या दुपारी मला फार आठवतात. खिडकीतून येणारं ऊन, पलीकडच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी, आणि पाच आकडे होईपर्यंत दोघांनी धरलेला श्वास. आयुष्यात आम्ही दोघं इतका वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. मला मैदान होतं, तिला अंगणवाडी. त्या दुपारी माझ्या चुकीतून आल्या होत्या, आणि तरीही त्या मला परत हव्या आहेत. हे कसं सांगावं ते मला कळत नाही.

त्यातलीच एक दुपार सांगतो. पाचवं वर्ष असेल. व्यायाम झाला होता. मी एकदम विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात तू खरं का नाही बोललीस?"

ती टॉवेलची घडी घालत होती. म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मी म्हणालो, "सांगतो. दिवाळीला सगळे जमले की सांगतो."

दिवाळी आली, गेली. फराळ झाला, फोटो झाले. तिने माझ्याकडे दोनदा बघितलं, मला आठवतंय. मग पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला, छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत ती गेली. पायाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गेली तेव्हाही घरातल्यांच्या लेखी ती हट्टी, निष्काळजी बाईच होती, आणि मी तिला सहा वर्षं सांभाळणारा नवरा. लोक मला हे तोंडावर म्हणायचे. "सर, तुम्ही फार केलंत."

आता माझी कंबर धरते. इतकी वर्षं अंग गरम न करता थेट वाकून दाखवल्याची ही किंमत आहे, असं ताई म्हणाल्या, न हसता, सरळच. त्यांनी पाठीवर झोपून करायचे तीन व्यायाम दिलेत. तेवढेच, पण रोज. मी करतो. दुखणं निम्म्यावर आलंय. सकाळी चहा घेताना कंबर काय म्हणते ते सांगायला तोंड उघडतो आणि समोर कुणी नसतं. सून चांगली आहे, विचारते, "बाबा, कसं आहे?" मी "ठीक" म्हणतो. गप्प आहे की कुरकुरतेय, हे विचारणारं माणूस गेलं.

स्मृतिदिनानंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी मुलाला आणि सुनेला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. कठडा, मित्र, डावा-उजवा, चप्पल. तिने वाट बघितली तेही.

सून आधी बोलली. "मी त्यांना किती बोलले हो, बाबा. दर वेळी."

मुलगा म्हणाला, "मी परवा सगळ्यांसमोर माइकवर ते बोललो. तुम्ही समोर बसला होता."

"हो."

"तेव्हा तरी उठायचं होतं."

"हो," मी म्हणालो.

तो उठून आत गेला. त्यानंतर बारा दिवस झाले. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. पाणी आलंय. गोळी घेतली का. त्याचं बरोबर आहे. त्याच्या वडिलांबद्दल त्याला जे वाटत होतं, ते मी काढून घेतलं. आईबद्दलचं परत द्यायचं तर तेवढं द्यावंच लागणार होतं. सुनेने नातवंडांना जवळ बसवून सांगितलं की आजीची काही चूक नव्हती, आजी सगळं बरोबर करत होती. मी शेजारच्या खोलीतून ऐकलं.

काल संध्याकाळी मी पलंगावर व्यायाम करत होतो. मुलगा दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, गोळीचं विचारेल.

"त्या दिवशी वर पोचल्यावर," तो म्हणाला, "आई बसली होती का खाली?"

"बसली होती."

"कशी?"

मी उठून बसलो आणि त्याला सांगितलं. पाय एका बाजूला घेतलेले, पदर डोक्यावर, एक हात मांडीवर आणि दुसऱ्या हाताचा तळवा दगडावर टेकवलेला. वंदना संपली तरी तो तळवा तिने उचलला नव्हता. एवढं मी पाहिलं होतं. तिचा चेहरा तेव्हा कसा होता, हे त्याने विचारलं. ते मला सांगता आलं नाही, कारण मी मित्रांकडे बघत होतो, आणि तेही मी सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता, दारातच, उभ्याउभ्या.